दीड इंचाचं खोटं

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे, शिवणकामाची. साठ इंच लांब, एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर. दोन टोकांना पितळी पत्रे होते, त्यातला एक कधीच निखळून पडला. आता मी कापडं कापायच्या टेबलाच्या खणात असते. खडूचे तुकडे, बोथट सुया आणि जोडी हरवलेली बटणं, हा माझा शेजार. खण नीट बंद होत नाही, त्यामुळे दुकानातलं सगळं ऐकू येतं, फटीतून थोडंफार दिसतंही. ऐकायला आता फारसं काही नसतं, हा भाग वेगळा.

एकेकाळी मी गळ्यात असायची. बाईच्या.

बाई म्हणजे शिवणकामवाली, दुकानाची मालकीण. डझनभर टेपांच्या पुडक्यातून तिनं मला निवडलं, दोन्ही हातांनी ओढून बघितलं आणि म्हणाली, "ही टिकेल." तेव्हापासून सकाळी कुलूप उघडलं की मी गळ्यात, ते संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत. तिच्या मानेचा घाम, तिचं खोकणं, तिचं गिऱ्हाइकावर ओरडणं, सगळं मी जवळून भोगलंय.

माणसं माझ्यासमोर कशी वागतात सांगू? पोट आत घेतात. एकूण एक. चांगले शिकलेसवरलेले लोक, पण मी कमरेभोवती आले की श्वास रोखून खांबासारखे उभे. बाई तोंडाची फटकळ. म्हणायची, "श्वास सोडा साहेब. कपडा तुम्हालाच घालायचाय, मला नाही." साहेब लाजून श्वास सोडायचे आणि मी दोन इंच पुढे सरकायची.

अशी वर्षं गेली. रोजच्या ओढाताणीनं मी लांबले. कापडाचीच जात माझी, किती तग धरणार? एक दिवस बाईनं मला लाकडी पट्टीशेजारी ठेवून बघितलं. माझा चाळीसचा आकडा खरं तर साडेएकेचाळिसावर पोचला होता. म्हणजे मी प्रत्येकाला बारीक सांगत होते! बाई हसली, "म्हातारपणी गोड बोलायला लागलीस गं." नवी पिवळी टेप आली आणि मी आरशाशेजारच्या खिळ्यावर गेले.

त्याच सुमाराला बाईचा गुडघा बसला.

दुकानाला अकरा पायऱ्या. बाई एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून चढायची आणि वर येऊन मशीनलाच शिव्या घालायची. डॉक्टरीणबाईनं फोटो काढून स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन करावं लागेल. पण एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. पंधरा किलो उतरवा, मग या."

बाई परत आली ती तणतणत. "पंधरा किलो! काय, पिशवीत भरून देऊ तिला?"

दुकानाच्या मागच्या बाजूला इस्त्रीवाली उभी असायची. बाईची वीस वर्षांची सोबतीण. अंगानं बाईहून बोटभर जास्तच. वाफेत उभं राहून तोंड लाल, पण बोलायला कायम तयार. इस्त्री टेकवून ती म्हणाली, "नाही उतरवलं तर?"

"तर पाय जाईल. पाय गेला की मशीन गेलं. मशीन गेलं की दुकानाला कुलूप."

"मग मी पण करते तुझ्याबरोबर."

"तुझा गुडघा तर धडधाकट आहे."

"माझा गुडघा आहे धडधाकट. पण तू एकटी चार दिवस करशील आणि पाचव्या दिवशी गोडाचं पुडकं घेऊन येशील. ओळखते मी तुला."

औषधाच्या दुकानाबाहेर वजनाचा काटा होता, पण रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर त्यावर चढायला दोघी तयार नव्हत्या. बाई म्हणाली, "मला वजनातलं कळत नाही. मला मापातलं कळतं." झालं. दर शनिवारी जेवण झालं की दोघी कपडे घालून बघायच्या पडद्यामागे जायच्या. एकीनं दुसरीचं माप घ्यायचं. स्वतःचं स्वतः घ्यायचं नाही, कारण स्वतःचं घेताना हात आपोआप आवळतो. आकडा निळ्या खडूनं भिंतीवर लिहायचा. पहिला आकडा बाईचा त्रेचाळीस, इस्त्रीवालीचा चव्वेचाळीस. नव्या टेपनं घेतलेला, अगदी खरा. खिळ्यावरून मी बघत होते आणि जळत होते.

दुसरी युक्ती इस्त्रीवालीची. डबे अदलाबदल करायचे. बाईचा डबा तिनं भरून आणायचा आणि तिचा बाईनं. "आपलाच डबा भरताना हात सैल सुटतो," ती म्हणाली, "नाहीतर डोक्यात राख घालून आपण दोन दिवस उपाशी राहतो. दुसरीचा भरताना माणूस शहाण्यासारखं वागतं."

पहिल्या दिवशी इस्त्रीवालीनं डबा उघडला. "अगं, हे काय? काकड्या आणि दोन अंडी? तुझं माझं काही वैर आहे का?"

"काकडीनं कोणी मरत नाही. गिळ मुकाट्यानं."

"पुढच्या जन्मी तुझी सासू होऊन येणार मी. लिहून ठेव."

संध्याकाळी दुकान बंद झालं की पाण्याच्या टाकीभोवती एक फेरी. बाई लंगडत, इस्त्रीवाली धापा टाकत.

पहिले अडीच महिने फार वाईट गेले. बाईचं माप जरा उतरलं, तिला गुडघ्याची भीती होती. इस्त्रीवालीचं जेमतेम अर्धा इंच. साडेत्रेचाळीस, साडेत्रेचाळीस, परत साडेत्रेचाळीस. भिंतीवर एकच आकडा पोरांच्या पाढ्यासारखा एकाखाली एक. एका शनिवारी ती सकाळीच म्हणाली, "माझ्यानं नाही होत बाई. आज शेवटचं माप. उद्यापासून तू एकटी चाल."

बाईनं काय करायचं ते दुपारी केलं.

पडद्यामागे आली तेव्हा पिवळी टेप तिच्या गळ्यात होती. ती तिनं काढून खिशात कोंबली आणि खिळ्यावरून मला उचललं. इतक्या महिन्यांनी तो हात! मी खुळी, हरखून गेले. बाईनं मला इस्त्रीवालीच्या कमरेभोवती गुंडाळलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बेचाळीस."

"काय?"

"बेचाळीस. बघ ना स्वतः."

इस्त्रीवालीनं खाली बघितलं. आकडा बेचाळीसच होता. मी तो खोटा दाखवत होते आणि ती त्याच्याकडे खऱ्यासारखी बघत होती. "पण आठवड्यात दीड इंच?"

"असतं असं कधीकधी. धरून बसलेलं एकदम सुटतं."

"आणि ही जुनी टेप का?"

"हाताला सवयीची आहे."

इस्त्रीवालीनं आनंदानं बाईला मिठी मारली. दोघींच्या मधे मी चेंगरले. त्या संध्याकाळी तिनं टाकीभोवती एक नाही, दोन फेऱ्या घातल्या. मला माहीत आहे, कारण बाई मला गळ्यातून काढायला विसरली होती. टाकीच्या कठड्याला धरून बाई उभी राहिली तर ही मागून म्हणते, "चल गं मालकीणबाई, काल तू मला ढकलत होतीस, आज मी तुला ढकलते."

ते दिवस! मी म्हणेन, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. दर शनिवारी मी खिळ्यावरून उतरायची, दोघींभोवती फिरायची, आणि पडद्यामागे नुसतं हसणं. इस्त्रीवालीनं घरी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि स्टूल शेजारणीला देऊन टाकलं. खोट्या आकड्यावर विसंबून ती खरोखर उतरत होती. बेचाळीस, एकेचाळीस, साडेचाळीस. बाईला हे कळत होतं. पण भिंतीवर लिहिताना तिचा खडू दर वेळी जरा अडायचा.

आणि मग एका दुपारी बाई कापड आणायला गेली असताना पिवळी टेप टेबलावर राहिली.

इस्त्रीवाली काही बावळट नव्हती. गिऱ्हाइकाला पिवळी आणि शनिवारी मी, हे तिच्या मनात कधीचं सलत असणार. तिनं इस्त्रीच्या टेबलावर आम्हा दोघींना शेजारी शेजारी ताणून ठेवलं. टोकाला टोक. मग बोट फिरवत चाळिसापर्यंत आली. बोट थांबलं. मग तिनं नियम मोडला, पिवळी टेप स्वतःच स्वतःभोवती गुंडाळली आणि बघितलं. बेचाळीस. भिंतीवर साडेचाळीस.

बाई पायऱ्या चढून आली तेव्हा आम्ही दोघी टेबलावर तशाच पडलो होतो.

"तुला माहीत होतं," इस्त्रीवाली म्हणाली. विचारलं नाही तिनं.

"हो."

"माझी दया आली?"

बाई टेबलाला टेकली. तिला लपवाछपवी जमत नाही. जमली ती एवढी एकदाच. "दया नाही. तू सोडून जात होतीस. मला एकटीला टाकीभोवती एक पाऊल टाकवत नाही."

"म्हणजे माझ्यासाठी नाही. तुझ्या गुडघ्यासाठी खोटं बोललीस."

"हो. गुडघ्यासाठी."

"महिनाभर मी घरात सांगत सुटले. नवऱ्याला सांगितलं, लेकीला फोन करून सांगितलं. आणि तू मला लहान पोरीसारखी..." इस्त्री तापत होती, ती तिनं बंद केली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर आली, कारण काम काम असतं. पण बोलली नाही. बाईनं तिच्यासाठी आणलेला डबा टेबलावर दिवसभर तसाच राहिला. बाईचा डबा तर आलाच नाही. संध्याकाळी ती सरळ घरी. बाई टाकीकडे गेली, एका बाकावर बसली आणि परत आली. चौथ्या दिवशी गोडाचं पुडकं दुकानात आलं. बारा दिवसांनी डॉक्टरीणबाईकडे जायचं होतं.

मला कोणी खिळ्यावरही लावलं नाही. मी टेबलाखाली चिंध्यांत पडून होते. लाज वाटत होती का? वाटत होती. पण खरं सांगते, त्याहून जास्त त्या दोघींचं हसणं आठवत होतं.

शनिवार आला. जेवणं झाली, वेगवेगळ्या कोपऱ्यात. आणि इस्त्रीवाली उठली, बाईच्या गळ्यातली पिवळी टेप न विचारता ओढून घेतली आणि पडदा सारला. "ये. हात वर कर."

बाई मुकाट गेली.

"एकेचाळीस. ते पुडकं अंगाला लागलंय, मला वास आला होता." मग तिनं टेप बाईच्या हातात दिली. "आता माझं. आणि मोठ्यानं बोल."

"बेचाळीस."

"परत."

"बेचाळीस."

"अजून एकदा. म्हणजे तुझ्या जिभेला सवय लागेल."

"बेचाळीस! बेचाळीस! झालं समाधान?"

"नाही झालं. होईल हळूहळू." तिनं ओल्या फडक्यानं भिंतीवरचे माझे सगळे आकडे पुसले आणि खाली खरे दोन लिहिले. मग म्हणाली, "ऐक. सोडून जाईन म्हटलं, तर भांड माझ्याशी. झिंज्या उपट. पण मला खोटं सांगून थांबवू नकोस. आणि उद्या माझा डबा आण. अंडी तीन."

डॉक्टरीणबाईनं ठरल्या दिवशी परत पाठवलं, अजून पाच किलो हवे होते. त्या पाच किलोंना आणखी चार महिने लागले. पण बाईचं माप एकोणचाळिसावर आलं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पंधरवडाभर दुकान बंद होतं आणि इस्त्रीवाली रोज तिच्या घरी जाऊन तिला खोलीतल्या खोलीत चालवत होती, असं मी नंतर ऐकलं. मला तेव्हाच खणात टाकलं होतं.

यंदा इस्त्रीवालीच्या लेकीला जुळी झाली आणि ती तिकडे राहायला गेली, दूरच्या गावी. इस्त्रीचं टेबल भिंतीला लावून ठेवलंय, त्यावर तागे रचतात. शनिवारी जेवण झालं की बाई थोडा वेळ पडद्याकडे बघते आणि परत मशीनवर बसते. पायऱ्या ती भराभर चढते, पण मशीनच्या खुर्चीचं करकरणं वाढलंय. मी अंदाज करू शकते. आयुष्यभर तेच केलंय.

गेल्या शनिवारी फोन वाजला. बाईनं तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"काय गं मालकीणबाई, मोजलंस का?"

"कोण मोजणार माझं? तू तिकडे बसलीस पोरं खेळवत."

"मी लेकीकडून मोजून घेतलं. दीड इंच वाढलंय. जुळ्यांचं उरलेलं सगळं मीच खाते. तुझं सांग."

मग माझा खण उघडला. उजेड आत आला आणि बाईचा हात माझ्यावर येऊन थांबला. ऊबदार, ओळखीचा. बोटं माझ्याभोवती मिटली. तिनं मला काढलं असतं तर मी आले असते, मी काय करणार? आणि तिकडे कोणाला काही कळलंही नसतं.

हात उघडला. खण बंद झाला.

"ए, काजबटनवाले, इकडे ये जरा," बाईनं हाक मारली. ही कामाला नवी लागलेली, काजं करायला आणि बटणं लावायला. अबोल, अंगानं भरलेली, कायम ओढणी पोटावर ओढून बसणारी. "ही पिवळी टेप घे. माझी कंबर मोज आणि फोनवर मोठ्यानं सांग."

"मी? तुमची?"

"तूच. आवळू नकोस, सैल सोडू नकोस."

जरा वेळानं तिचा बारीक आवाज आला, "एकेचाळीस... आणि वर अर्धा."

फोनमधून इस्त्रीवाली खो खो हसली. "अडीच इंच! माझ्या पुढे गेलीस की. उद्या संध्याकाळी सहाला टाकीवर जा, मी इकडे चालायला निघते. फोन कानाला ठेव. धाप लागलेली ऐकू आली पाहिजे मला."

"येईल ऐकू. ठेव आता."

फोन ठेवला. काजबटनवाली टेप हातात घेऊन तशीच उभी असावी, कारण पावलं हलली नाहीत. मग ती म्हणाली, "बाई... माझं पण घ्याल?"

"ओढणी बाजूला कर आणि श्वास सोड," बाई म्हणाली.

भिंतीवर खडू घासल्याचा आवाज आला. तीन आकडे. बाईचा, हिचा आणि इस्त्रीवालीचा.

मी खणात पडून ऐकत होते. मला ते दिवस हवेत, खोटं कशाला बोलू? पडदा, हसणं, दोघींच्या मधे चेंगरणं, सगळं हवंय. तरी बाई, माझं एवढं ऐक. पुन्हा कधी तुझा हात माझ्यावर आला, आणि तो येईल, मी तुला ओळखते, तर मला थोडं कुरवाळ आणि हात असाच परत जाऊ दे.