खालचा हात

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरचा बुधा आणि त्याचा मेहुणा जिवा यांनी अकरा वर्षं एकच करवत ओढली. संस्थानच्या जंगलात साग तुटायचा, त्याच्या ओंडक्यांच्या फळ्या पाडायचं काम या दोघांचं. पुरुषभर खोल खड्डा, त्यावर आडवा टाकलेला ओंडका, ओंडक्यावर उभा बुधा आणि खाली खड्ड्यात, डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून कपाळावर फडकं ओढलेला जिवा. वरच्यानं करवत उचलायची आणि काजळीच्या रेघेवर धरायची, खालच्यानं ती खेचायची. एकाला लोक वरचा हात म्हणत, दुसऱ्याला खालचा हात.

त्यांना शिकवलं खोडाळ्याच्या तुकाबाबानं. पहिला महिनाभर त्यानं सागाला शिवूसुद्धा दिलं नव्हतं. सावरीचा एक कुजका ओंडका पुढ्यात टाकला आणि म्हणाला, "हातानं ओढू नका रं. हात दमतो. कमरेनं ओढा." ते दोघं मोठ्यानं मोजत. वरून बुधा म्हणे 'एक', खालून जिवा म्हणे 'दोन'. तरी करवत मध्येच अडकायची, वाकायची, दोघं एकमेकांना शिव्या द्यायचे. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. जिवाची बायको चैती ही बुधाची धाकटी बहीण. ती रोज संध्याकाळी दोघांच्या हातांना मोहाच्या बियांचं तेल चोळायची आणि हसायची.

मग एके दिवशी बुधाच्या लग्नाचं बोलणं निघालं. मुलगी कुठली, दिसायला कशी, तिचा बाप काय म्हणाला. बोलता बोलता फळी सुटून खाली पडली, तेव्हा जिवा खड्ड्यातून ओरडला, "दादा, आपण मोजलंच नाय!" दोघं फळीकडे बघत राहिले. काठ सुतासारखा सरळ होता. तुकाबाबा तिथंच बसून विडी ओढत होता. तो उठला, धोतर झटकलं आणि दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला.

पुढं पाचव्या वर्षी जिवा मोहाच्या झाडावरून पडला. खांदा निखळला. वैदूनं तो बसवला खरा, पण जरा वाकडाच बसला. महिन्याभरानं तो पुन्हा खड्ड्यात उतरला, तेव्हा पहिले आठ दिवस करवत अडली, घासली, रेघ सोडून गेली. मग आपोआप जमलं. जमलं म्हटल्यावर त्या खांद्याचा विचार पुन्हा कोणी केला नाही, जिवानंही नाही आणि बुधानं तर नाहीच.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली, ऐन दिवाळीत, जिवाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तो गेला. पाड्यावर घरटी एक तरी माणूस पडलं होतं. तिरडीला चार खांदे मिळेनात. बुधा आणि आणखी दोघं, अशा तिघांनीच ती नेली. चैतीच्या पदरात दोन मुली. बुधा रडला नाही. त्याला वाटलं, काम सुरू झालं की बरं वाटेल.

काम सुरू झालं. मुकादमानं त्याला माघ्या दिला. माघ्या अंगानं दणकट, दोन वर्षं दुसऱ्या खड्ड्यावर ओढलेला. पहिल्याच फळीला करवत रेघ सोडून डावीकडे सरकली. बुधानं ओढून तिला रेघेवर आणलं. हातभर गेली, पुन्हा डावीकडे.

"सरळ खेच की!" बुधा वरून ओरडला.

"सरळच खेचतो."

"मग काय रेघ हलली?"

चार दिवसांत सहा फळ्या वाया गेल्या. मुकादमानं माघ्याला काढून जामसरचा लहान्या दिला. लहान्या गरीब पोरगा, शब्दाला शब्द न देणारा. त्याच्याशीही तेच. एका दुपारी बुधा खड्ड्यात उतरला आणि त्यानं लहान्याच्या थोबाडीत मारली. लहान्यानं गालावर हात ठेवला, बुधाकडे बघितलं आणि वर चढून निघून गेला. जिवावर बुधानं अकरा वर्षांत हात उगारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चैती खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली. ती तिथंच फळ्या वाहायची, भुसा उपसायची.

"दादा, मी उतरते."

"वेडी काय? बायकांचं काम नाय ते."

"माणूस मिळत नाय तुला. मलाबी पोरी पोसायच्या हायत." पदर खोचून ती उतरलीसुद्धा. मुकादम हसला, पण माणसंच उरली नव्हती त्या साली, म्हणून त्यानं तिला अडवलं नाही.

बुधानं तिला शिकवलं. ओरडला नाही, हे विशेष. पाय किती लांब ठेवायचे, मान कुठं वळवायची, करवत वर जाताना मूठ ढिली कशी सोडायची. पुन्हा मोजणं सुरू झालं. चैतीचा आवाज बारीक, खड्ड्यातून 'दोन' ऐकू आलं की बुधाचा पुढचा 'एक' उशिरा यायचा. तिच्या हातांना फोड आले. तेल चोळायला कोणी नव्हतं, तिनं स्वतःच चोळलं. महिनाभरात तिचा दम टिकायला लागला. दीड महिन्यात मोजणं थांबलं. तिचं खेचणं इतकं हलकं, इतकं एकसारखं झालं, की शेजारच्या खड्ड्यावरची माणसं थांबून बघायची.

फळ्या मात्र वाकड्याच निघत होत्या. डावीकडे, दर वेळी डावीकडेच.

बुधानं करवतीचे दात कानशीनं घासले. मुठी बदलल्या. ओंडका उलटा करून बघितला. शेवटी तो खोडाळ्याला गेला आणि तुकाबाबाला बैलगाडीत घालून घेऊन आला. म्हाताऱ्याला आता डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. त्याला ओंडक्याशेजारी बसवलं. तो बराच वेळ कान देऊन बसला. मग म्हणाला, "थांबू नको, ओढत राहा," आणि उठून त्यानं आपली सुरकुतलेली बोटं बुधाच्या मनगटावर ठेवली. चार-पाच वेळा करवत खालीवर झाली.

"पोरीचा हात सरळ हाय," तुकाबाबा म्हणाला. "तू दाबतोस. डावीकडं."

"मी?"

"जिवाचा खांदा वाकडा बसल्याला होता ना? तो तिकडं जायचा, तू इकडं दाबायचास. दोघांचं मिळून सरळ व्हायचं." म्हाताऱ्यानं मनगट सोडलं. "तो गेला. तू अजून दाबतोस."

बुधा ओंडक्यावरच बसला. त्याला आधी माघ्या आठवला, मग गालावर हात ठेवून उभा राहिलेला लहान्या. खड्ड्यातून चैती वर बघत होती. तिच्या पापण्या भुशानं पिवळ्या झाल्या होत्या.

"सुटंल का ही खोड?" त्यानं विचारलं.

"नव्यानं शिकायला महिना लागतो. शिकल्यालं मोडायला किती, ते मला नाय सांगता येत."

त्या दिवसापासून बुधा आपल्याच हातांवर पाळत ठेवायला लागला. दाबायचं नाही, असं मनाशी म्हणत करवत उचलायचा. पण हातांकडे लक्ष दिलं की हात अडखळायचे, एखाद्या नवख्यासारखे. करवत कचकन अडायची आणि खाली चैतीच्या मुठीला हिसका बसायचा. लक्ष काढून घेतलं की हात मोकळे व्हायचे, आणि मोकळे झाले की डावीकडे जायचे. ही गोष्ट डोक्यात नव्हती, म्हणून डोक्यानं निघत नव्हती. घरी जेवताना बायको, मंगळी, त्याच्याकडे बघत राहायची. तो भाकरीचा तुकडा मोडायचा आणि तसाच हातात धरून बसायचा.

होळीच्या आधी आठ दिवस, एका सकाळी, ते जमलं. त्यालाही कळलं नाही कसं. चैती खालून धाकट्या मुलीच्या खोकल्याचं काही सांगत होती, तो हूं हूं करत होता, आणि खाली बघतो तर करवत काळ्या रेघेवरून सरळ चालली होती. दोन हात लांब, जराही न हलता. त्याचे दंड हलके झाले होते. इतकी वर्षं करवतीच्या दुसऱ्या टोकाशी जिवाचं जे एक ओझं असायचं, ज्याच्याशी झुंजायचं, ज्याला सांभाळून घ्यायचं, ते ओझं नव्हतं. खाली फक्त चैती होती.

जिवा आता हातांतूनही गेला होता. जिवाला सरणावर ठेवतानाही त्याला असं वाटलं नव्हतं.

"काय झालं दादा? सरळ चाललंय ना?"

"ओढ," तो म्हणाला, आणि त्यानं डावीकडे दाबलं.

मुद्दाम दाबलं की हात आपोआप गेले, हे त्याचं त्यालाही नंतर कधी सांगता आलं नाही. करवत सुटली, तिरपी घुसली आणि त्या हंगामातला सगळ्यात जाड साग मधोमध नासला. मुकादम आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं, पण त्यानं ओंडक्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाला, "खाली उतर." माघ्याला हाक मारून त्यानं वर चढवलं. चैती खड्ड्यातच होती. तिनं भावाकडे बघितलं आणि मूठ सोडली नाही. पोरी होत्या तिला. दुपारपर्यंत त्या दोघांनी चार फळ्या पाडल्या, चारही सरळ.

बुधा उरलेला हंगाम कुऱ्हाडीनं ओंडक्यांची साल काढत राहिला. जामसरला जाऊन लहान्याला भेटावं असं त्याच्या मनात दोनदा आलं. गेला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर चैती त्याला बोलवायला आली. बुधा खळ्यावर नागलीची कणसं झोडत होता. माघ्या बांधावर थांबला होता, खांद्यावर करवत घेऊन.

"चल दादा. सावरीचा ओंडका मागून घेऊ, पहिल्यापासून शिकू. मला आलं, तुला नाय येणार व्हय?"

"आलं होतं," बुधा म्हणाला. "एकदा."

"मग?"

बुधानं काठीला चिकटलेलं कणीस काढून टाकलं. चैतीनं पदर खोचला. तिच्या दंडाचे स्नायू आता पुरुषासारखे दिसत होते.

"मुकादमाला काय सांगू?"

"सांग, बुधाचा हात गेला."

ती खालच्या वाटेनं निघाली आणि माघ्या तिच्या पुढं झाला. मंगळीनं सुपातली नागली पाखडता पाखडता विचारलं, "गेली का?" बुधानं मान हलवली. काठी त्याच्या हातात होती आणि समोर अर्धी नागली अजून झोडायची राहिली होती, पण तो तसाच उभा राहिला. मंगळीनं सूप खाली ठेवलं, त्याच्या हातून काठी घेतली आणि ती स्वतःच झोडायला लागली.