मी वीस मिलिअँपचा, हॉल साठ माणसांचा

मित्रांनो, हळू बोलतो, दमलो आहे. मी एक जुना ऑप-अँप आहे. काळे अंग, आठ पाय, लांबी तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. बारीकसा विजेचा संकेत घ्यायचा आणि मोठा करून पुढे द्यायचा, एवढेच माझे काम.

कारखान्यातले काही आठवत नाही. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानातून गुरुदत्त नावाच्या विद्यार्थ्याने मला घेतले आणि पुढे मोज्यात गुंडाळून ऑस्ट्रेलियात टूवूंबाला आणले. त्याच्या तापमापकात मी राबलो, बागेतल्या मातीचा ओलावा मोजणाऱ्या यंत्रातही राबलो. "हा कधी दगा देत नाही," असे तो सगळ्यांना सांगे. कौतुक कोणाला नको असते? मीही फुगलो. मग त्याला कॉम्प्युटरवरची नोकरी लागली आणि मी सात वर्षे गॅरेजमधल्या खणात धूळ खात पडलो.

गेल्या वर्षी त्याचे वडील, पद्माकर आजोबा, इथे राहायला आले. त्यांच्या कानात यंत्र आहे. घरात ते पुरते. गर्दीत मात्र नुसता गोंगाट होतो. त्यांची नात कौमुदी पंधरा वर्षांची, जन्म इथलाच. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ती स्वतः लिहिलेले दोन पानी मराठी लिखाण वाचणार होती, तेही आजोबांवर. ते त्यांना ऐकू जावे, एवढेच तिला हवे होते.

गुरुदत्तने तोड काढली. हॉलच्या भिंतीकडेने एक तार फिरवायची आणि माइकचा आवाज करंट करून तिच्यातून सोडायचा. त्या करंटचे चुंबकीय क्षेत्र कानातले यंत्र थेट पकडते. पण त्या तारेला करंट भरपूर लागतो, म्हणून तो देणारा ऑप-अँप निवडायचा होता. गुरुदत्तने मला निवडले.

"अरे, नवीन मागव ना. ह्याला किती जमेल, ते कंपनीच्या डेटाशीटमध्ये तरी बघ," त्याची बायको सुमेधा म्हणाली. ती नुकतीच हॉस्पिटलच्या शिफ्टवरून आली होती.

"घरात आहे तर विकत कशाला? वीस वर्षं ओळखतोय मी ह्याला."

त्याने बारीक तारेचे पन्नास वेढे आजोबांच्या खुर्चीभोवती गुंडाळले आणि चाचणी घेतली. ऐकू आले. पन्नास वेढ्यांत माझा इवलासा करंटही पन्नासदा फिरतो, म्हणून ते साधले. हॉलमध्ये जाड तारेचा एकच वेढा होता. माझी ताकद जेमतेम वीस मिलिअँपची. तिथे निदान दोन अँप हवे होते, म्हणजे माझ्यासारखे शंभर.

कार्यक्रमाआधी गुरुदत्तने स्टेजवरून विचारले, "बाबा, येतंय का ऐकू?"

आजोबांनी त्याच्या ओठांवरूनच प्रश्न ओळखला. मुलाला पुन्हा खटपट नको, म्हणून त्यांनी मान डोलावली. "येतंय, येतंय."

कौमुदी वाचू लागली. मी होता नव्हता तो जोर लावला, अंग भाजून निघाले, पण तिचा प्रत्येक शब्द माझ्याकडून तुटका, चिरका आणि अगदी क्षीण जात होता. लोक हसले की आजोबा एका क्षणाने हसत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनीही वाजवल्या. मला फार लाज वाटली.

ती धावत त्यांच्याकडे आली. "आजोबा, तो मॅगपाय पक्ष्याचा पार्ट आवडला?"

आजोबांनी तिला जवळ बसवले. मग म्हणाले, "नाही गं बाळा. मला काहीच ऐकू आलं नाही."

"इट्स ओके," ती म्हणाली. पण तिने ती दोन पाने चुरगाळून गुरुदत्तच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसली.

त्या आठवड्यात गुरुदत्तने आधी त्या जाड तारेचा रोध मोजला आणि किती करंट लागेल त्याचे गणित मांडले. मग डेटाशीटच्या पहिल्या पानावरची स्तुती सोडून तो मागचे आलेख वाचत बसला: हा सतत किती करंट देतो, देताना व्होल्टेज किती गळते, तापला तर काय होते. शेवटी माझ्याच जातीचा एक धिप्पाड गडी आला, पाठीला धातूची पट्टी, तिच्यावर उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक. मला उपटून गुरुदत्तने शर्टाच्या खिशात टाकले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण सुटल्यासारखेही वाटले.

रविवारी दुपारी मंडळाने हॉल तासभर उघडून दिला. रिकाम्या खुर्च्यांत आजोबा एकटे, अगदी मागच्या रांगेत. कौमुदी चुरगाळलेली पाने सरळ करून माइकपाशी आली आणि पहिलेच वाक्य वाचले.

आजोबांनी हात वर केला. "थांब, थांब. घसा बसलाय तुझा. फ्रिजमधलं पाणी प्यायलीस ना?"

कौमुदी माइकसमोर हसायला लागली, आणि मग रडायलाही. "सॉरी, आजोबा. परत पहिल्यापासून वाचते."

मित्रांनो, मी आता थकलो आहे, तरी एवढे ऐका. जुने म्हणून आम्हाला फेकू नका, आणि विश्वासू म्हणून वाटेल ते ओझेही आमच्यावर टाकू नका. आधी ओझे मोजा, मग गडी निवडा. आणि कोणी नुसतेच "येतंय, येतंय" म्हणाले, तर जवळ जाऊन पुन्हा एकदा विचारा.