हसरी पाणघोडी आणि मृत्यूचा कोळी

प्राणिसंग्रहालयात तिला सगळे किडेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला माहीत होतं. कीटकघर तिच्या ताब्यात होतं आणि ते तिनेच उभं केलं होतं. पानासारखे दिसणारे किडे, वाळक्या फांदीसारखे काडीकिडे, डोक्यावर शिंग असलेले भुंगे, आणि सगळ्यात मागच्या काचेच्या पेटीत चाबूक कोळी. खरं तर कोळ्याला आठ पाय, म्हणजे तो कीटकच नाही. पण हे सांगायला गेलं की समोरच्याच्या डोळ्यांत झोप उतरायची, म्हणून तिने ते सांगणं सोडून दिलं होतं.

चाबूक कोळी दिसायला भयानकच. चपटं अंग, काटेरी हात, आणि पुढचे दोन पाय चाबकासारखे लांबलचक. त्या पायांनी तो आंधळ्या माणसाच्या काठीसारखं आजूबाजूचं जग चाचपडत असतो. पण त्याला ना विष, ना जाळं. हातावर घेतला तर आपल्यापेक्षा तोच जास्त घाबरतो.

तिचा धाकटा भाऊ त्याच संग्रहालयात पाणघोडीकडे होता. त्याला तिनेच नोकरीला लावलं होतं. पाणघोडीवर त्याचा भारी जीव. तिने जबडा वासला की लोक टाळ्या पिटत आणि हा कौतुकाने म्हणे, "बघा, हसली!"

"अरे, हसत नाही ती," ताई त्याला सांगे. "सुळे दाखवते. दूर हो म्हणते."

"ताई, तू तुझे किडे सांभाळ. ही गरीब गाय आहे गं. कान खाजवून घेते माझ्याकडून."

"एक दिवस तुलाच खाजवेल."

तो हसायचा. ताई चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो, याची त्याला लहानपणापासून गंमत वाटे.

नवे संचालक आले आणि सगळंच बदललं. साहेबांना गर्दी हवी होती. त्यांनी पाणघोडीच्या तळ्याभोवतीचं कुंपण उतरवून कमरेएवढं केलं, म्हणजे फोटो चांगले येतात. तिथे रंगीत पाटी लावली: 'आमची हसरी पाणघोडी'. आणि कीटकघराचं नाव झालं 'भयंकर!'. उद्गारचिन्हासकट. आत लाल दिवे आले, कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर आले आणि त्यांतून दिवसभर फूत्कार आणि गुरगुर. चाबूक कोळ्याच्या पेटीवर पाटी लागली: 'मृत्यूचा कोळी. याच्यापासून सावध!'

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, हे चूक आहे. तो कुणाला काही करत नाही."

"मॅडम, हे लोकांना सांगून काय मिळणार?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "लोक घाबरायला येतात. थोडी गंमत करू द्या की."

"आणि ते स्पीकर? या जिवांना कान नाहीत, त्यांना सगळं हादऱ्यांतून कळतं. कात टाकताना ते उलटे लटकतात, त्या वेळी धक्का बसला तर पडून मरतात. दिव्यांनी पेटीतली ओल उडते ती वेगळीच."

"आवाज थोडा कमी करायला सांगतो."

आवाज कमी झाला, तो जेवणाच्या सुट्टीपुरता. नंतर कुणीतरी पुन्हा वाढवला. तिने इलेक्ट्रिशियनला गाठलं, तर तो म्हणाला साहेबांचं पत्र आणा. साहेब म्हणाले, एवढ्याशा गोष्टीला पत्र कशाला, मी बोलतो त्याच्याशी. दोघांच्या मध्ये ती नुसती फेऱ्या मारत राहिली. शेवटी तिने पेट्यांखाली जुन्या सतरंज्यांचे तुकडे कापून घातले. एका सकाळी पाहिलं तर सगळ्यात मोठा कोळी तळाशी मरून पडलेला, अर्धा जुन्या कातीत, अर्धा बाहेर. नवं अंग दुधासारखं पांढरं आणि मऊ. तिने त्याला चिमट्याने उचलून कागदात गुंडाळलं. बाहेर शाळेची सहल रांगेत उभी होती. दार उघडायची वेळ झाली होती, तिने ते उघडलं.

त्याच आठवड्यात ते घडलं. दुपारची वेळ. पाणघोडी पाण्याबाहेर उन्हात पडली होती. एका लहान मुलीची टोपी वाऱ्याने उडाली आणि कुंपणापलीकडे पाण्याच्या कडेला जाऊन पडली. मुलीने भोकाड पसरलं. "काढून द्या ना, दादा," तिची आई म्हणाली. आजूबाजूचेही म्हणू लागले. धाकटा बाजूच्या फाटकातून आत गेला, नेहमी जायचा तसाच, आणि टोपी घ्यायला पाणघोडी आणि पाणी यांच्या मधोमध वाकला.

पाणघोडीने जबडा वासला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग ती उठली आणि एवढं अवजड जनावर इतक्या वेगाने धावू शकतं हे लोकांना पहिल्यांदाच दिसलं. तिने त्याला कुंपणाच्या भिंतीवर दाबलं, एका सुळ्याने मांडी फाडली आणि त्याला तिथेच टाकून पाण्यात निघून गेली. तिला फक्त पाण्यात जायचं होतं.

ताईला यातलं काहीच ऐकू आलं नाही. स्पीकर फूत्कारत होते. दारातून माणसं पळताना दिसली तेव्हा ती बाहेर आली, आणि स्ट्रेचरवरच्या बुटांवरून तिने भावाला ओळखलं.

पाय वाचला, पण हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य काय बोलला, तर "चूक माझीच होती गं, ती बिचारी घाबरली असेल." ताईने पाण्याचा पेला टेबलावर असा आदळला की नर्स आत डोकावली.

"बिचारी! इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते?"

"ओरडू नकोस, दुखतंय," तो म्हणाला. मग ती त्याच्या उशीची खोळ उगाचच सरळ करत राहिली.

चौकशीला समिती आली. तिघं जण, तिघांच्या गळ्यात ओळखपत्रं. त्यांनी तळं पाहिलं, फाटक पाहिलं आणि कुंपण गळ्यापर्यंत उंच करायला सांगितलं. पाणघोडी मात्र राहणार होती, कारण मुलांची ती लाडकी. मग ते 'भयंकर!'मध्ये शिरले. समितीचे प्रमुख पाटीसमोर थांबले.

"मृत्यूचा कोळी? हा इथे, नुसत्या काचेमागे?"

"त्याला विष नसतं," ती म्हणाली.

"इथे तर तसं लिहिलंय."

"ते खोटं आहे."

साहेब खोकले. प्रमुखांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही लोकांना खोटं दाखवत होतात?"

"मी नाही. मी तर नको म्हणत होते." तिने पेटीचं झाकण सरकवलं आणि हात आत घातला. एक कोळी चाचपडत तिच्या मनगटावर चढला. "हे बघा. काय करतोय?"

तिघेही एकदम मागे सरले. "बाई, असले खेळ इथे नकोत!" प्रमुख ओरडले. "ठेवा तो आत. आधी ठेवा!"

अहवालात निर्णय आला: शंकास्पद व धोकादायक जीव प्रेक्षकांपासून तत्काळ दूर करावेत. तिने तीनदा लेखी उत्तर पाठवलं, सोबत छापील शास्त्रीय लेख जोडले. साहेब म्हणाले, "मॅडम, प्रकरण शांत होतंय, आता उकरू नका." तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या खोलीत कळलं. पण उकरायला तिच्यात जीवच उरला नव्हता. हॉस्पिटल, घर आणि काम यांत तिच्या नाकी नऊ आले होते.

कोळ्यांच्या पेट्या चाऱ्याच्या जुन्या गोदामात गेल्या. काळोखी, थंड, भिंतींना ओल आलेली जागा. माणसांच्या दृष्टीने शिक्षाच, कोळ्यांना मात्र मानवली. ते खाऊ लागले. पण बघायला कुणी नव्हतं, आणि जे कुणी बघत नाही त्यासाठी ती इतकी वर्षं का खपली, हा विचार तिला पेट्या पुसताना रोज यायचा.

पाय भरून येईपर्यंत धाकट्याला हलकं काम द्यायचं ठरलं आणि त्याला तिच्याच हाताखाली पाठवलं. कुबडी टेकत तो गोदामाच्या दारात उभा राहिला.

"ये ना आत. हे रातकिडे घे आणि एकेका पेटीत सोड."

तो आला. तिने झाकण उघडलं. आतून एक लांब पाय हळूच बाहेर आला, हवेत फिरला. धाकटा घामाघूम झाला.

"हात घाल," ती म्हणाली.

"नको गं."

"अरे, दात नाहीत त्याला, नांगी नाही. त्या राक्षसिणीच्या तोंडाशी जात होतास तेव्हा नाही भीती वाटली? लाज नाही वाटत?" तिचा आवाज चढत गेला. साहेबांना, समितीला, इलेक्ट्रिशियनला जे जे बोलायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्या गोदामात त्या एकट्यावर बरसलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. ती दमून थांबली तेव्हा म्हणाला,

"ताई, कळतंय गं मला सगळं. तू सांगतेस ते खरंय. तेव्हाही कळत होतं आणि आत्ताही कळतंय. पण तिकडे पाय थांबले नाहीत, आणि इकडे हात पुढे होत नाही."

तिने झाकण सरकवून बंद केलं. आजवर तिला वाटत आलं होतं की लोकांना नीट सांगितलं नाही म्हणून कळत नाही. आता राग कुणावर धरावा तेही तिला कळेना, आणि राग धरायला जागा नसली की माणूस आणखीच चिडतं.

"बस तिकडे," ती अखेर म्हणाली. स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं आणि पाणी फवारायची बाटली त्याच्या हातात दिली. "जाळीवरून पाणी मार. बाहेरूनच. आणि हळू, थेट अंगावर नको."

त्याने बाटली दाबली. पाणी फारच जोरात आलं.

"हळू म्हटलं ना!" ती खेकसली, आणि रातकिड्यांचा डबा घेऊन स्वतः पुढच्या पेटीकडे गेली.