नमुना दूषित

"काका, तीन वेळा साबणानं धुतलंय. बाटलीपण नवी आणलीय. आता तरी घाण निघणार नाही ना?"

प्रयोगशाळेच्या खिडकीतून लघवीची बाटली आत सरकली. शिवणवाली बाई सुईने टोचलेल्या बोटांनी तिचे झाकण अजूनही दाबून धरून होती. महिन्यापूर्वी मूत्रपिंडातला खडा काढून ती घरी गेली होती. तेव्हापासून ताप तिची पाठ सोडत नव्हता.

"दोनदा 'दूषित' म्हणून लिहून दिलंत तुम्ही," मागून तिची नणंद म्हणाली. "मी तर हिचे कपडे वेगळे धुते. घरात लहान पोरं आहेत."

"वन्सं, हळू बोला ना."

"हळू कशाला? मी थोडीच म्हणतेय? कागदावर आहे."

खिडकीआतल्या वयस्क तंत्रज्ञांनी बाटली घेतली आणि मान खाली घातली. 'नमुना दूषित, पुन्हा पाठवा' हे शब्द त्यांच्याच हातचे होते. प्रयोगशाळेत दूषित म्हणजे बाहेरचा जंतू चुकून पडलेला नमुना. घरात दूषित म्हणजे माणूस. या दोन अर्थांच्या मधल्या अंतरात एक बाई महिनाभर स्वतःला घासत बसली होती, हे त्यांना त्या क्षणी कळले आणि कानशिले तापली.

सारे रुग्णालय त्यांना 'नाकवाले' म्हणत असे. सव्वीस वर्षे काचेच्या बश्यांत नमुन्यांतले जंतू वाढवता वाढवता त्यांची झाकणे उघडताच येणारा वास त्यांच्या ओळखीचा झाला होता. या बाईच्या आधीच्या दोन्ही बश्यांवर हिरवट साय धरली होती आणि तिला पिकून उतरलेल्या द्राक्षांचा गोड, कुबट वास होता. दोन महिन्यांत तोच वास तेरा जणांच्या बश्यांना आला होता. तेराही जणांचे खडे एकाच टेबलावर काढलेले. घराघरांतून पडलेली घाण अशी एकाच वासाची कशी असेल?

पण मोठ्या डॉक्टरांचा आदेश होता. "माझ्या ऑपरेशननंतर लघवीत जंतू दिसले तर ते पेशंटच्या अस्वच्छतेचे समजायचे." त्यांचा शोधनिबंध तयार होत होता: दोनशे शस्त्रक्रिया, संसर्ग शून्य. त्या शून्याला गालबोट लागू नये म्हणून तेरा माणसे घाणेरडी ठरली होती.

दुपारी नाकवाले शस्त्रक्रियागृहात गेले. खडे काढायची दुर्बीण धुऊन ठेवली होती. तिच्या बारीक नळीत त्यांनी कापसाची काडी फिरवली.

"बघा बाबा, माझं नाव घेऊ नका," तिथल्या सिस्टर कुजबुजल्या. "दोन पेशंटांच्या मध्ये ती औषधात वीस मिनिटं बुडवायची असते. आम्हाला पाच मिळत नाहीत. डॉक्टर हात पुढे करून उभेच असतात."

दोन दिवसांनी ती बशी उघडली. हिरवी साय. द्राक्षे. कोणत्या औषधाने जंतू मरतो, या चाचणीतही तोच निकाल, तेराही जणांसारखा.

बशी घेऊन ते मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

"दुर्बिणीचा नमुना घ्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"नाकानं, साहेब."

"नाकानं कांदे सोला तुम्ही." डॉक्टर हसले. "संशोधन म्हणजे काय खायचं काम आहे?"

"तेरा माणसं, साहेब. योग्य औषधाचं नाव तिसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. आपण त्यांना अंग धुवायला लावलं."

"आपण?" डॉक्टरांनी कपाट उघडून 'दूषित' अहवालांचा गठ्ठा टेबलावर टाकला. "यावर सही कुणाची आहे? माझी? तोंड उघडाल तर आधी तुम्हीच बुडाल. निवृत्तीला किती राहिली, दोन वर्षं? आणि ती शिवणवाली परवा रात्रीच परत आली. मूत्रपिंडात पू झाला होता, काढून टाकलं. दुसरं शाबूत आहे. माणूस एकावर जगतो."

माणूस एकावर जगतो! करून सवरून नामानिराळे राहणाऱ्याच्या तोंडी हे शहाणपण किती सहज आले होते. नाकवाल्यांना वाटले, ती बशी त्या स्वच्छ टेबलावर उलटी करावी. त्यांनी तसे केले नाही. गठ्ठा उचलला, छातीशी धरला आणि दार स्वतःच्या हाताने लोटून बाहेर पडले.

संध्याकाळपर्यंत ते लिहीत राहिले. तेरा कागद. जंतूचे नाव, औषधाचे नाव, 'दुर्बिणीतही हाच जंतू आढळला', आणि खाली: 'आधीचा अहवाल खोटा होता. रुग्णाची कोणतीही अस्वच्छता नव्हती.' 'खोटा' ऐवजी 'चुकीचा' लिहावे असे एकदा मनात आले. लिहिले नाही. बारा पाकिटे पत्ते घालून त्यांनी स्वतः टपालात टाकली. तेरावा कागद घेऊन ते वॉर्डात गेले.

बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. नणंद स्टुलावर बसली होती.

"आता काय काढलंत?" नणंदेने विचारले.

"बाई," ते म्हणाले, "जंतू तुमचा नव्हता. ऑपरेशनच्या दुर्बिणीतून तुमच्या पोटात गेला. तुम्ही पहिल्या दिवसापासून स्वच्छ होतात."

"आणि तुम्हाला माहीत होतं?" बाईने भिंतीकडेच पाहत विचारले.

"संशय होता. तरी लिहिलं."

ती सावकाश वळली. डोळे कोरडे होते आणि त्यांत असा जाळ होता की नाकवाल्यांनी नजर वळवली.

"मग वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा. वन्संना ऐकू द्या. सगळ्या वॉर्डला ऐकू द्या."

ते वाचू लागले. शेजारच्या खाटांवरची कुजबुज थांबली. नणंद उठून उभी राहिली, पण कुणाकडे पाहावे हे तिला सुचेना. 'खोटा' या शब्दाशी त्यांचा आवाज फाटला. त्यांनी तो शब्द पुन्हा, नीट उच्चारला. मजकूर संपला, कागदावर आता फक्त त्यांचे नाव आणि हुद्दा उरला होता. तेही त्यांनी मोठ्याने वाचले.

मान वर केली, तेव्हा टाक्यांवर हात दाबून धरत बाई ऐकण्यासाठी उठून बसली होती.