दुरुस्त केलेला पोपट

हिवाळ्यात दुपारचं ऊन गच्चीवर पसरलं की दीनानाथरावांचे डोळे आपोआप मिटायला लागत. लखनौच्या जानकीपुरममधली दुपारच तशी असते. खाली भाजीवाल्याची हाक लांबत जाते, बख्शी का तालाबच्या हवाई तळाकडून एखादं विमान घरघरत येतं, आणि माणूस जागा आहे की झोपलाय हे त्याचं त्यालाच कळत नाही.

औषधसंशोधन संस्थेतून ते कधीच निवृत्त झाले होते. सवय मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती. तिथल्या तरुण शास्त्रज्ञांचे शोधनिबंध परदेशी जाण्याआधी यांच्या हाताखालून जात. लंडनला जायचा असेल तर लंडनचं इंग्रजी, अमेरिकेला जायचा तर अमेरिकेचं. कागदावर त्यांना दोन्ही चालायचं. घरात मात्र एकच चाले, मिरजेच्या शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेलं. त्या गुरुजींनी इंग्लंड तर सोडाच, मुंबईसुद्धा धड पाहिली नव्हती. पण हे बोलून दाखवायची घरात कुणाची टाप नव्हती.

दर रविवारी फोनवर दोन्ही मुलं एकत्र येत आणि इंग्रजीवरून हमखास जुंपायची. अमेरिकेतला निनाद म्हणे, सगळं जग आता आमच्यासारखंच बोलतं. मेलबर्नची अंतरा त्याची टर उडवी. मग बाबा बोट वर करत आणि दोघंही चूक असल्याचा निकाल देत. इथवर सगळं हसण्यावारी जायचं.

दसऱ्याच्या सुमाराला अंतराच्या लेकीनं, आठ वर्षांच्या अनन्यानं, आजोबांना एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवली. मेलबर्नचा एक पोपट लखनौला यायला निघतो, अशी. तिच्या इंग्रजीला तिकडच्या शाळेचा हेल होता. आजोबांनी गोष्ट कौतुकानं ऐकली आणि संस्थेत करत तेच केलं. सगळी गोष्ट नीट दुरुस्त करून, स्वतःच्या आवाजात वाचून त्याच संध्याकाळी परत पाठवली. आपण नातीला भेटच दिली, असं त्या भल्या माणसाला वाटलं. तेव्हापासून अनन्या रविवारी नुसता हात हलवायची आणि पडद्यावरून काढता पाय घ्यायची. आजोबा रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचे.

आजही रविवार होता. शेजारी त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई मटार सोलत होत्या आणि त्यांच्या मोबाइलवर रोजच्यासारखी नातीची तीच गोष्ट लागली होती. डुलकीत दीनानाथरावांना तो पोपट दिसला. गोमतीवरून उडत तो गच्चीच्या कठड्यावर येऊन बसला. शेजारी धोतर सावरून गुरुजी बसले होते. पोपट अनन्याच्या हेलात बोलत होता आणि गुरुजी बोट वर न करता लहान मुलासारखे ऐकत होते. मग पोपट थांबला. गुरुजींनी वळून विचारलं, "पुढं काय झालं रे, दीना?"

दीनानाथराव जागे झाले. मोबाइल गप्प होता.

"सुहास, पुढं काय होतं त्या पोपटाचं?"

"अहो, तिनं सांगितलंच कुठे? उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पाठवणार होती ती. त्याआधीच तुमची पोचली."

निनादची वाट न पाहता दीनानाथरावांनी थेट मेलबर्नला फोन लावला. अंतरानं लेकीला धरूनच आणलं.

"अनन्या, बेटा, मला पुढची गोष्ट ऐकायचीय," ते मराठीतच म्हणाले. मराठी तिला कळायची, फक्त ती बोलायची नाही.

ती बोलायला लागली, पण एकेक शब्द चाचपून, हुबेहूब आजोबांच्या इंग्रजीत. एका वाक्यानंतर थांबून तिनं त्यांच्या बोटाकडे पाहिलं. इतकं शुद्ध इंग्रजी घरात कुणीच बोललं नव्हतं, आणि ते ऐकवत नव्हतं. दीनानाथरावांनी दोन्ही हात शालीखाली घेतले.

मग त्यांनी घसा खाकरला आणि गोष्टीचं पहिलं वाक्य म्हटलं, तिच्या हेलात. रोज ऐकून पाठ झालंय असं त्यांना वाटत होतं. सुहासिनीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पलीकडे अनन्यानं तोंडावर हात धरला, पण हसू काही मावेना. तिनं ते वाक्य आपल्या हेलात म्हणून दाखवलं. आजोबांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं.

अनन्यानं बोट वर केलं, अगदी त्यांच्यासारखं.

"पुन्हा," ती मराठीत म्हणाली.

आजोबांनी पुन्हा म्हटलं.