सीताबाईच्या केसांचे गंगावन

मी एक जुने गंगावन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी हा शब्द ऐकलाही नसेल. केस आखूड किंवा विरळ असले की वेणी लांब दिसावी म्हणून तिच्यात केसांचा जो झुबका गुंफतात, त्याला गंगावन म्हणतात. आता मी विटले आहे, माझा काळा रंग तपकिरी झाला आहे. पण एके काळी मी रंगमंचावर होते आणि मला पाहून बायका डोळ्यांना पदर लावत.

पेणजवळ खाडीकाठच्या एका गावात सीताबाई राहत असे. तिचे केस गुडघ्यांपर्यंत पोचत. विंचरताना गळलेले केस ती फेकत नसे, वेटोळे करून मडक्यात ठेवी. चार-पाच वर्षांनी मडके भरले, तेव्हा ते घेऊन ती हमरापूरच्या हौसाबाईकडे गेली. हौसाबाईने केस धुतले, सोडवले आणि काळ्या दोऱ्यावर एकेक बट गाठवत मला तयार केले. काम करता करता तिने विचारले, "तुला कशाला गो गंगावन? तुजे केस काय कमी हायत?"

सीताबाई लाजून म्हणाली, "मला नको. आमच्या घरच्यांना पायजे."

घरचे म्हणजे तिचा नवरा काळुराम. तो मिठागरात काम करी. मीठ ओढून त्याच्या टाचा फुटल्या होत्या, तळहात दगडासारखे झाले होते. पण गावच्या नाटक मंडळात नायिका तोच होई. ही १९५८ सालची गोष्ट. तेव्हा आमच्या भागात बाया नाटकात काम करीत नसत. काळुरामने मानेपर्यंत केस राखले होते. त्यांत मला गुंफायचे काम सीताबाईचे. दातांत दोरा धरून ती वेणी घाली आणि म्हणे, "मान हलवू नका. नायतर तिसऱ्या अंकात माजे केस पब्लिकच्या पुढं पडतील."

बाईसारखे चालायला तो तिच्याकडूनच शिकला. ती पाण्याला निघाली की हा दहा पावले मागे. एकदा ती गर्रकन वळली. "माजी नक्कल काढताय व्हय?" तो म्हणाला, "नक्कल नाय गो. शाळेत आलोय."

मंडळाचे एक नाटक फार गाजले. त्यातल्या नायिकेचा नवरा होडी घेऊन खाडीत गेलेला असतो आणि परत येत नाही. तिसऱ्या अंकाच्या शेवटी ती एक शब्दही न बोलता केस मोकळे सोडते आणि प्रेक्षकांकडे पाठ करून पाण्याकडे चालत जाते. तेवढा वेळ सगळे प्रेक्षक माझ्याकडेच पाहत असत. रोह्याला हा प्रयोग झाला, तेव्हा बायजाबाई नावाची एक म्हातारी हातात खण घेऊन पडद्यामागे आली. "ती पोर कुठं हाय? तिला बघायचीय," म्हणाली. काळुराम उघड्या अंगाने विडी ओढत बसला होता. त्याने घाईघाईने विडी विझवली आणि म्हणाला, "मीच ती." म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. मग तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावले आणि खण त्याच्या हातात दिला. "रडवलंस रे मला. घे. घरात बाई असंल तर तिला दे."

त्या खणाची चोळी सीताबाईने पुढे कितीतरी वर्षे सणासुदीला घातली.

असे तेरा-चौदा हंगाम गेले. मग एका पावसाळ्यात सीताबाईला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. मागे काळुराम राहिला आणि सात वर्षांची सरू. त्या वर्षी त्याने नाटक केले नाही. मला धुतलेल्या फडक्यात गुंडाळून त्याने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. कधीतरी ट्रंक उघडे, दोन बोटे माझ्यावरून फिरत आणि झाकण पुन्हा लागे.

पुढच्या वर्षी तालमी सुरू व्हायच्या होत्या. काळुरामने सकाळीच मिशी उतरवली आणि मला घेऊन मंडळात गेला. मंडळाचे प्रमुख हैबतराव त्याची वाटच पाहत होते. त्याचा गुळगुळीत ओठ पाहून ते गडबडले.

"काळुराम, मला कालच सांगायला पायजे होतं. तुजं कायपन चुकलं नाय. पन आता सगळीकडं बाया आल्यात. पुरुष लुगडं नेसून आला तर पोरं शिट्या मारतात. आमी मुंबईची बाई ठरवलीय."

काळुरामने मला फडक्यात गुंडाळले. मग म्हणाला, "मग मला काय काम देता?"

त्याला प्रॉम्प्टरची वही मिळाली. ज्या नायिकेची वाक्ये त्याने इतकी वर्षे म्हटली, तीच आता विंगेत उभे राहून दुसऱ्याला पुरवायची. आणि मी परत ट्रंकेत गेले. मित्रांनो, पुढची पाच वर्षे मी अंधारात काढली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

सहाव्या वर्षी मंडळाने तेच खाडीचे नाटक पुन्हा काढले. त्यासाठी मुंबईहून विमलबाई नावाची नटी एस.टी.ने आली. वय पस्तिशीचे, आवाज खणखणीत. पण तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि हैबतरावांनी कपाळाला हात लावला. टायफॉइडने तिचे निम्मे केस गेले होते. ती म्हणाली, "माझं गंगावन कसरीनं खाल्लंय. दोन महिने अंथरुणात होते, बघणार कोण? अंबाड्यावर भागवू या."

"अंबाड्यावर कसं भागंल? शेवटी केस सोडायचेत!"

काळुराम कोपऱ्यात वही चाळत बसला होता. तो उठला आणि घरी आला. त्याने ट्रंक उघडली, तशी सरू धावत आली. ती आता तेरा वर्षांची होती. तिने मला त्याच्या हातातून ओढून छातीशी धरले.

"बा, नाय द्यायचं! आयचे केस हायत."

"मला ठाव हाय गो."

"त्या बाईनं तुजं काम घेतलं. आता आयचे केसपन घेनार?"

काळुराम तिच्याजवळ खाली बसला. "तिनं नाय घेतलं, सरू. ती पोटासाठी गावोगाव फिरतीय. आनि हे बघ, तुज्या आयनं हे ट्रंकेत ठेवायला नव्हतं केलं. नाटकात चालावं म्हनून केलं."

सरू रडली, पण उठली. मला मात्र तिने त्याच्या हाती दिले नाही. स्वतःच घेऊन गेली.

विमलबाईने मी कोणाच्या केसांचे आहे ते ऐकले आणि पुढे केलेला हात मागे घेतला. "नको काळुरामदादा. घरातल्या माणसाचं आहे हे. माझ्याकडून काही झालं तर?" मग तिचे लक्ष सरूकडे गेले. ती पाटावर पाठमोरी बसली आणि म्हणाली, "बाळ, तुझ्या मनात असलं तर तूच बांध. नसलं तर मी अशीच उभी राहीन. कुणाला काही सांगणार नाही."

सरू पाटामागे जाऊन बसली. मग तिने दोऱ्याचे टोक दातांत धरले. गाठ घट्ट बसली.

नाटक सुरू झाले. तिसऱ्या अंकाच्या शेवटाला संवाद नव्हता. काळुरामने वही सरूच्या हातात दिली आणि विंगेतून उतरून तो प्रेक्षकांत, अगदी मागे जाऊन उभा राहिला. विमलबाईने मला मोकळे सोडले. दुपारभर काळुरामने तिला चाल शिकवली होती. खांदे सैल, पाऊल आखूड, मान जराशी डावीकडे. ती तशीच निघाली आणि मी तिच्या पाठीवर हलत राहिले.

पडदा पडला तरी काळुराम आत येईना. सरू त्याला शोधत गेली. तो बांबूच्या खांबाला धरून उभा होता.

"बा, काय झालं?"

"इतकी वरसं डोक्यावर वागवलं गो," तो म्हणाला, "पन पाठमोरं कदी बघितलंच नव्हतं. आज दिसली ती."

सरूने हे विमलबाईला सांगितले, तेव्हा ती मला सोडवत होती. तिने मला मांडीवर ठेवले आणि तोंडाचा रंग न पुसताच कितीतरी वेळ बसून राहिली.

त्यानंतर विमलबाई आमच्या गावात सात वर्षे आली. दरवेळी मला सरूनेच बांधले. पुढे मंडळ बंद पडले. काळुराम गेला. सरू लग्न होऊन पेणला आली आणि मीही तिच्याबरोबर आले.

गेल्या वर्षी सरूला कुणीतरी सांगितले की विमलबाई रोह्याला भाचीकडे असते. सरूने मला पिशवीत घातले आणि रोह्याची गाडी धरली. पिशवीच्या तोंडातून, खिडकीबाहेर कासूचे स्टेशन मागे जाताना मी पाहिले. भाचीच्या घरात खाटेवर एक वाळलेली म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. भाची म्हणाली, "मावशी कुणाशी बोलत नाही हल्ली. तुमची ओळख कुठली?" ही बाई नाटकात होती, हे घरातल्या मुलांना ठाऊकच नव्हते. त्यांच्या आईने कधी सांगितले नव्हते आणि त्यांनी कधी विचारले नव्हते.

सरूने मला विमलबाईच्या हातात ठेवले. म्हातारीने मला चाचपले, नाकाजवळ नेले. मग ती हळूहळू उठून बसली, पदर सारखा केला आणि तिसरा अंक म्हणू लागली. नायिकेची वाक्ये आणि सासूचीसुद्धा. आवाज फाटला होता, पण एक शब्द चुकला नाही. मुलांनी टीव्ही बंद केला. धाकटी मुलगी खाटेशी येऊन बसली आणि अंक संपल्यावर तिने विचारले, "आजी, मग तिचा नवरा आला का परत?"

"ये इकडं," विमलबाई म्हणाली. "चौथा अंक ऐक." नाटक तर तीनच अंकांचे होते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी केसांचे आहे, एक दिवस झडून जाईन. पण तुमच्या घरात, आळीत, शेजारी कुणी म्हातारे माणूस भिंतीकडे तोंड करून पडले असेल, तर त्याने कधी सोंग घेतले होते का, गाणे म्हटले होते का, ढोलकी वाजवली होती का, ते एकदा विचारा. आणि विचारलेत तर लगेच उठू नका. त्याला आठवायला थोडा वेळ लागतो.