ऑक्टोबरच्या आधी

"आणि जळवा?" डॉरिसने विचारलं.

मृणालने हातातलं पेन खाली ठेवलं. डोंबिवलीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात बसून ती कित्येक वर्षं लोकांना जंगलं बघायला पाठवत होती. जळवांची चौकशी करणारं गिऱ्हाईक शेवटी घरीच बसतं, हा तिचा अनुभव होता.

"असतात आंटी. पावसात केरळच्या जंगलात जायचं म्हणजे जळवा असणारच. लांब मोजे देतात त्यासाठी. चावली तरी काही होत नाही, थोडं रक्त येतं फक्त."

"थोडं म्हणजे किती?"

"डॉरिस, जळू आहे गं ती," टोनी म्हणाला. "वाघ नाही."

तो हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ टेकून आरामात बसला होता. नवऱ्याचं हे आरामात बसणं डॉरिसला नेहमीच खटकायचं. घरातली सगळी काळजी आपण एकटीने करायची आणि याने मजा बघायची, अशी त्यांच्या संसाराची वाटणी पहिल्यापासून झालेली. टोनीचा धाकटा भाऊ फ्रँकलिन दोघांना ठाण्याहून आपल्या गाडीने घेऊन आला होता. तो मात्र भिंतीवरच्या हत्तीच्या फोटोतून नजर काढायला तयार नव्हता.

"मला सरळ सांग मृणाल," डॉरिस म्हणाली. "तुझी स्वतःची आई असती तर तिला कधी पाठवलं असतंस?"

"डिसेंबर ते फेब्रुवारी," मृणाल लगेच म्हणाली. "हवा स्वच्छ, पक्षी भरपूर, घाटात टेन्शन नाही. मार्च-एप्रिलला उकडतं, पण प्राणी पाण्यावर येतात. जूनपासून पाऊस. ऑक्टोबरात तिकडे परत दुसरा पाऊस असतो. आता ऑगस्ट म्हणाल तर जंगल सगळ्यात सुंदर ऑगस्टमध्येच असतं, पण ते दिसेल याची गॅरंटी मी देत नाही. धुकं बसलं की दोन-दोन दिवस हलत नाही."

"डिसेंबर नाही जमणार," टोनी म्हणाला. "ऑक्टोबरात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्या आधी जाऊन यायचंय."

टोनीला काचबिंदू होता. शेजारपाजाऱ्यांना हे समजावता समजावता डॉरिस थकून गेली होती. जो तो मोतीबिंदूच समजायचा आणि म्हणायचा, काही नाही हो, ऑपरेशन झालं की आरशासारखं स्वच्छ दिसतं. मोतीबिंदूत गेलेलं परत येतं, काचबिंदूत गेलं ते गेलंच. टोनीची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर गेली. रिटायर झाला आणि वर्षाच्या आत उजवा डोळा गेला. डाव्याची नजर कडांकडून आत आत आवळत येत होती. ऑक्टोबरचं ऑपरेशन उरलेलं टिकवण्यासाठी होतं आणि त्यातही उलटं होण्याची भीती होतीच. शिवाय नंतर कित्येक महिने धूळ नको, प्रवास नको. हे सगळं डॉरिसला टोनीकडून कळलेलं. डॉक्टरांसमोर ती इतके प्रश्न विचारायची की बाहेरचे पेशंट दार ढकलून आत डोकवायचे. तेव्हापासून दवाखान्यात फ्रँकलिनच न्यायचा.

"मला खरं जंगल बघायचंय," टोनीने जुलैत जेवता जेवता सांगून टाकलं होतं. "डोळे आहेत तोवर."

खरं तर जंगल ही डॉरिसची हौस. ती एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. बोर्डाच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. कानाला हेडफोन लावून दिवसभर इथली माणसं तिथल्या माणसांना जोडून द्यायची आणि घरी यायचं. तेव्हापासून ती म्हणायची की एकदा रिटायर झाले की मोठमोठ्या झाडांचं, ओलं, काळोखं जंगल बघणार आहे. रिटायर झाली, पण योग्य वेळ काही सापडेना. ईस्टरआधी लेंटचे उपवास, तेव्हा मौज करायची नाही. मे महिन्यात नात्यातली लग्नं. मग पाऊस. सप्टेंबरात मारियामातेचा नोव्हेना, त्यात नऊ दिवस रोज चर्चला. ऑक्टोबरात आगेरा, शेतातल्या नव्या कणसांचा सण. नोव्हेंबर मेलेल्या माणसांचा, कबरी साफ करायच्या, फुलं-मेणबत्त्या न्यायच्या. डिसेंबरात नेवऱ्या आणि केक, आणि जानेवारी पाहुण्यांचा. एवढा बारा महिने जखडलेला तर पोपसुद्धा नसेल, असं टोनी म्हणायचा.

आता मात्र निवडायला फक्त ऑगस्ट उरला होता आणि तो सगळ्यांत वाईट होता.

डॉरिसची झोप उडाली. सकाळी चहाआधी ती मोबाइलवर केरळचं हवामान बघायची. तिकडे दरड कोसळल्याची बातमी आली की दुपारचं जेवण जायचं नाही. ऐन पावसात जाऊन काहीच दिसलं नाही तर? त्याने आयुष्यात शेवटचं बघायचं ते चिखल आणि छत्र्या? आणि थांबावं म्हटलं, तर ऑपरेशन बिघडून जानेवारीत त्याच्यासाठी काहीच उरलं नाही तर? दोन्हीकडून तीच गुन्हेगार ठरणार होती. तिने पुण्याला लेकीला फोन केला.

"मम्मी, तू एवढं का घेतेस डोक्याला?" जेनिफर म्हणाली. "ऑपरेशन होऊ दे, मग आरामात जानेवारीत जा ना. मी पण येते."

"आणि तेव्हा डॅडींना दिसलं नाही तर?"

जेनिफर म्हणाली, "मग जा तू आत्ताच. पण छत्र्या दोन ने."

टोनीला मात्र कसली घाई नव्हती आणि काळजीही नव्हती. पेपर तो आता डॉरिसकडून वाचून घ्यायचा. म्हणायचा, बातम्या तुझ्या तोंडून ऐकल्या की देशाचं जरा बरं चाललंय असं वाटतं. चर्चला जायचा तो नेहमीच्याच गल्लीने, नेहमीच्याच पावलांनी. एकदा कामवाल्या बाईने स्टूल सरकवून ठेवलं आणि त्याची नडगी फुटली, तेव्हा तो त्या बाईवर इतका ओरडला की डॉरिसलाच ओशाळल्यासारखं झालं. एका डोळ्याने वावरणाऱ्या माणसाची चिडचिड होणारच, असं तिने बाईला समजावलं.

"दिसतंय ना तुला नीट?" ती दिवसातून कितीदा तरी विचारायची.

"तू दिसतेस," तो म्हणायचा. "अजून काय बघायचंय?"

शेवटी तिने मृणालला फोन करून ऑगस्टअखेरचं बुकिंग सांगितलं. नोव्हेन्याच्या आत परत यायचं होतं.

एक दिवस आणि एक रात्र रेल्वे, मग घाटातली मोटार. त्या वळणावळणांवर डॉरिसने रोझरीचे मणी सोडले नाहीत. डोंगराकडची बाजू आली की ती वर बघायची, दरीची आली की डोळे मिटायची. टोनी खिडकीशी चेहरा नेऊन बसला होता आणि मधूनमधून वा, वा म्हणत होता. त्याचं ते वा ऐकून तिला जरा धीर यायचा. निदान याचं काहीतरी सार्थकी लागतंय.

मुक्काम एका घरातच होता, मळ्याच्या कडेला. पोचले त्या दिवशी पाऊस थांबलाच नाही. पत्र्यावर एवढा आवाज की एकमेकांशी बोलायलाही ओरडावं लागत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. दोघं पडवीत खुर्च्या टाकून बसली. समोर वेलदोड्याची चार झाडं आणि त्यापुढे पावसाचा पडदा.

"चुकलं माझं," डॉरिस म्हणाली. "सगळे सांगत होते डिसेंबर. मृणाल सांगत होती. मीच मूर्ख."

"वास बघ कसा येतोय," टोनी म्हणाला.

"वास घ्यायला एवढ्या लांब आलो का आपण? तुला बघायचं होतं ना?"

टोनी तांदळाच्या, नारळ घातलेल्या पुट्टूचा घास तोंडात टाकून चावत राहिला.

तिसऱ्या सकाळी पाऊस उघडला. घरमालकाने एक वाटाड्या बरोबर दिला. थोडं चढून गेलं की कठडा बांधलेली जागा होती. तिथून खालचं सगळं जंगल एका नजरेत दिसतं, असं तो मोडक्या हिंदीत सांगत होता. डॉरिसने स्वतःला आणि टोनीला ते गुडघ्यापर्यंतचे मोजे चढवले. वाट निसरडी होती, म्हणून टोनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या मागून चालू लागला. ती देवाला एकच मागत होती. एक तासभर, तासभर फक्त मोकळं ठेव. याला एकदा बघू दे. मग परत पाऊस पाड, काय वाटेल ते कर.

वर पोचेपर्यंत धुकं खालून चढून आलं होतं.

कठडा हाताला लागला, त्याच्यापलीकडे काही नव्हतं. झाड नाही, दरी नाही, आभाळ नाही. खाली कुठेतरी पाणी पडत होतं तेवढं ऐकू येत होतं. वाटाड्या चार पावलांवर उभा होता, तोही अर्धवट पुसला गेलेला. डॉरिसला इतका राग आला की तिच्या तोंडून शब्द फुटेना. स्वतःचा राग, ऑगस्टचा राग, देवाचासुद्धा. ती कठडा धरून नुसती उभी राहिली.

टोनी तिच्या शेजारी आला. त्याने पाण्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"काय हिरवं आहे गं," तो हळूच म्हणाला. "लांबपर्यंत नुसतं हिरवंच हिरवं."

डॉरिसने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हसरा होता, डोळे पुरते उघडे होते. मस्करी करताना त्याच्या ओठाचा एक कोपरा वर जायचा, तो वर गेलेला नव्हता. बोलावं की न बोलावं हे तिला ठरवता येईना, तेवढ्यात मागून चार-पाच जणांचा घोळका चढून आला.

"अरे यार, पूरा फॉग है," त्यातली एक मुलगी म्हणाली. "कुछ भी नहीं दिख रहा. चलो वापस."

ते लोक दोन फोटो काढून, हसत खाली उतरले. टोनीचं हसू गेलं होतं. कठड्यावरचा त्याचा हात आवळला गेला.

"कधीपासून?" डॉरिसने विचारलं.

तो म्हणाला, "ईस्टरच्या सुमाराला गेलं सगळं. उजेड कळतो. बाकी नाही."

"फ्रँकलिनला ठाऊक आहे?"

"त्यानेच तर नेलेलं मला डॉक्टरकडे. मीच सांगितलेलं, वहिनीला बोलू नको म्हणून. त्याला ओरडू नकोस."

"आणि ऑपरेशन? ऑक्टोबरचं?"

"ऑपरेशन नाहीये. डॉक्टर म्हणाले, आता करून काही उपयोग नाही."

डॉरिसला त्याला फाडकन एक द्यावीशी वाटली. एवढे दिवस, एवढं जागरण, एवढी घालमेल ज्या तारखेपायी, ती तारीखच नव्हती. "मग कशाला, टोनी?" ती म्हणाली. "मला फसवून भर पावसात इथे कशाला आणलंस?"

"ऑक्टोबर सांगितला नसता तर तू डिसेंबर म्हणाली असतीस. डिसेंबरात म्हणाली असतीस की ईस्टर होऊ दे. मी ओळखतो ना तुला," तो म्हणाला. "आणि मला दिसत नाही हे तुला एकदा कळलं असतं, की संपलं. मग तू घराबाहेर पडली असतीस का? मला सोडून पडली नसतीस आणि मला घेऊन तर नाहीच. लेकीकडे पुण्याला पण गेली नसतीस. म्हटलं, कळायच्या आत तुझं जंगल तेवढं बघून होऊ दे."

डॉरिसला रडू आलं. तिने ते आवरलं नाही, आवाज मात्र होऊ दिला नाही. पण त्याला कळलं. त्याचा हात कठड्यावरून चाचपत आला आणि तिच्या हातावर बसला.

"तू गप्प झालीस ना, म्हणून मला वाटलं की बघत असशील," तो म्हणाला. "खरंच काही दिसत नाही तुला?"

"नाही."

"काहीच नाही? मग दिसतंय काय?"

तिने डोळे पुसले आणि समोर पाहिलं. या वेळी नीट पाहिलं, त्याला सांगायचं होतं म्हणून.

"पांढरं," ती म्हणाली. "सगळं पांढरंच. मधेच जरा काळपट होतं, काहीतरी असल्यासारखं वाटतं. मग परत पांढरं."

टोनीने हे ऐकून घेतलं. थोडा विचार केला.

"हां," तो म्हणाला. "मला पण असंच दिसतं."

बारीक भुरभुर सुरू झाली. वाटाड्याने खाली जायची खूण केली, आज काही उघडणार नाही म्हणाला. डॉरिसने त्याला हातानेच थांबायला सांगितलं. तिने छत्री उघडून टोनीच्या बाजूला कलती धरली आणि त्याच्या शेजारी उभी राहून समोर बघत राहिली.